समासातलं ‘कसे?’

टेस्ट सिरीजचा पहिला पेपर तपासून आला तेव्हा इटलीच्या एकीकरणाच्या (एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक राज्यांचा एक देश झाला, त्याच्या) उत्तराला १० पैकी अडीच मार्क होते. समासात लाल पेनानं एकच शब्द तीनदा: कसे? ‘मॅझिनीने इटलीला आत्मा दिला’ – कसे? ‘कॅव्हूरने मेंदू पुरवला’ – कसे? ‘गॅरिबाल्डीच्या तलवारीने दक्षिण जिंकली’ – कसे? शाळेपासून पाठ असलेलं एक वाक्य मी १५० शब्दांपर्यंत ताणलं होतं, आणि तपासणाऱ्यानं ते नेमकं तिन्ही सांध्यांवर पकडलं होतं.

मी लातूरकडची. यूपीएससी मराठी माध्यमातून, ऑप्शनल इतिहास, मुक्काम सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका. प्राचीन-मध्ययुगीन भारत कसाही निभावून नेता येतो, पण दुसऱ्या पेपरातला जागतिक इतिहास ही आम्हा मराठी माध्यमवाल्यांची दुखरी नस. क्लासच्या नोट्स इंग्रजीवरून घाईघाईनं उतरवलेल्या. एका पानावर ‘पिडमाँट’, पुढच्या पानावर ‘सार्डिनिया’. ही दोन वेगळी राज्यं आहेत असं मी चक्क दोन महिने समजत होते. राज्य एकच, सॅव्हॉय घराण्याचं; त्याच्याच भोवती पुढे इटली एक झाली. राजाची पदवी सार्डिनिया बेटाची, राजधानी मात्र पिडमाँटमध्ये, तूरिनला. हे कळलं त्या दिवशी हसावं की रडावं कळेना.

दुसरी अडचण मॅझिनीची, इटलीतल्या त्या क्रांतिकारक विचारवंताची होती. तो आपल्याकडे जरा जास्तच घरचा आहे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं लेखन मराठीत आणलं, ते १९०७ मध्ये पुण्यात छापलं गेलं आणि सरकारनं जप्त केलं. सावरकरांच्या ‘अभिनव भारत’ या क्रांतिकारी संघटनेचं नावही त्याच्या ‘यंग इटली’ या संघटनेवरून आलेलं. त्यामुळे माझं उत्तर मॅझिनीपासून सुरू व्हायचं आणि जवळजवळ तिथंच संपायचं. प्रत्यक्षात त्याला हवं होतं प्रजासत्ताक, आणि झालं राजाचं राज्य. १८६६ मध्ये मेसिनाच्या मतदारांनी त्याला संसदेवर निवडून दिलं, तर त्याच्यावर जुनी फाशीची शिक्षा आहे म्हणून निवडणूक रद्द झाली. १८७२ मध्ये तो पिसात वारला तेव्हा ‘ब्राउन’ या खोट्या नावानं राहत होता. ज्याला आपण राष्ट्राचा आत्मा म्हणतो तो त्याच राष्ट्रात लपून राहत होता, हे माझ्या कुठल्याच नोटमध्ये नव्हतं.

मग मी लिहिणं थांबवलं आणि नकाशे काढायला घेतले. स्टेशनरीच्या दुकानातून ट्रेसिंग पेपर आणला आणि पाच कागद केले: १८१५, १८५९, १८६०, १८६६, १८७०. हिरवा रंग म्हणजे प्रदेश पिडमाँटच्या, म्हणजे पुढच्या इटलीच्या राज्यात आला. नियम एकच. कुठल्याही प्रदेशाला हिरवा रंग द्यायचा तर आधी मोठ्यानं सांगायचं, की तो कुणी, कुणाला, कशाच्या बदल्यात दिला. ऐकायला रूममेट. ती पेडण्याची, गोव्याची. तिचं ऑप्शनल समाजशास्त्र, त्यामुळे तिला इटलीशी काही देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच ती फार चांगले प्रश्न विचारायची.

१८१५ चा कागद सोपा गेला. व्हिएन्ना परिषदेनंतर लोंबार्डी-व्हेनेशिया थेट ऑस्ट्रियाकडे, पार्मा, मोडेना आणि टस्कनी ऑस्ट्रियाच्या गोतावळ्यातल्या राज्यकर्त्यांकडे, मध्ये पोपचं राज्य, खाली नेपल्स-सिसिलीवर राज्य करणारं बूर्बां घराणं.

१८५९ वर मी आपटले. लोंबार्डीसोबत व्हेनेशियाही हिरवा करून टाकला.

“अगं, याचा मोबदला काय?” रूममेटनं विचारलं.

मोबदला सांगता येईना, कारण व्हेनेशिया मिळालाच नव्हता. आणि तो का मिळाला नाही हे शोधताना पिडमाँटचा पंतप्रधान कॅव्हूर पहिल्यांदा माणूस म्हणून दिसला. रशियाशी काडीचं भांडण नसताना त्यानं १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात १५ ते १८ हजार सैनिक पाठवले. कशासाठी? तर १८५६ च्या पॅरिस परिषदेत मोठ्यांच्या टेबलावर खुर्ची मिळावी म्हणून. जुलै १८५८ मध्ये प्लाँबिएर या गावी त्यानं फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याची गुपचूप भेट घेतली. तिथला व्यवहार आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीसारखाच आहे. फ्रान्स ऑस्ट्रियाविरुद्ध लढणार, बदल्यात सॅव्हॉय प्रांत फ्रान्सला, नीस शहराचं पुढे बघू. आणि पिडमाँटच्या राजाची १५ वर्षांची मुलगी क्लोटिल्ड फ्रेंच सम्राटाच्या चुलतभावाला द्यायची, जो तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. लग्न जानेवारी १८५९ मध्ये लागलं, युद्ध एप्रिलमध्ये. मॅजेंटा आणि सोल्फेरिनोच्या लढाया जिंकल्यावर नेपोलियननं ११ जुलैला व्हिलाफ्रांका इथं ऑस्ट्रियाशी परस्पर तह करून टाकला. लोंबार्डी मिळाली, व्हेनेशिया राहिला. कॅव्हूरनं रागानं राजीनामा दिला, आणि पुढच्याच वर्षी परत आला. मी व्हेनेशियाचा हिरवा रंग खोडायला गेले तर ट्रेसिंग पेपर फाटला. तो कागद पुन्हा काढावा लागला.

१८६० चा कागद सगळ्यात अवघड. टस्कनी आणि मध्य इटली आत आली, पण त्याची किंमत म्हणून सॅव्हॉय आणि नीस फ्रान्सला गेले. स्वयंसेवकांचा सेनानी गॅरिबाल्डी जन्मला तो नीसमध्ये. म्हणजे ज्या माणसानं पुढच्या काही महिन्यांत राजाला अर्धी इटली मिळवून दिली, त्याचं स्वतःचं गाव त्याच वर्षी परदेशात गेलं. पुढे संसदेत त्यानं कॅव्हूरला तोंडावर सुनावलं, की तुम्ही मला इटलीतच परका केलंत. ही गोष्ट माझ्या उत्तरात एका ओळीत बसली आणि ‘तलवार’ हा शब्द कायमचा गेला.

सिसिलीवर मात्र मी हवी त्यापेक्षा जास्त रेंगाळले. परीक्षेच्या हिशेबानं चूकच. मे १८६० मध्ये गॅरिबाल्डीचे हजारभर स्वयंसेवक दोन आगबोटींतून निघाले आणि ११ तारखेला मार्सालाला उतरले, एवढं सगळेच लिहितात. मला अडकवलं ते ब्रोंते या गावानं. गॅरिबाल्डीनं जमिनीच्या वाटपाचं आश्वासन दिलं होतं. तिथली मोठी जहागीर होती इंग्रज दर्यासारंग नेल्सनच्या वारसांची. ऑगस्टमध्ये शेतकरी उठले, जाळपोळ आणि खून झाले. ते मोडायला आला गॅरिबाल्डीचाच उजवा हात नीनो बिक्सियो. झटपट खटला चालवून त्यानं पाच जणांना गोळ्या घातल्या. माझ्या वडिलांची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. ‘राष्ट्र आलं पण जमीन आली नाही’ हे मला समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. पुढे दक्षिणेत वर्षानुवर्षं जे पेटत राहिलं त्याला सरकारनं ‘दरोडेखोरी’ म्हटलं, १८६३ मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि लाखभर सैन्य गुंतवलं. आमच्या नोट्समध्ये या सगळ्याला अर्धी ओळ होती.

मग सार्वमतं, म्हणजे नव्या राज्यात यायचं का यावर लोकांचा कौल. २१ ऑक्टोबर १८६०, नेपल्स. एका बाजूला ‘होय’च्या चिठ्ठ्यांचं भांडं, दुसऱ्या बाजूला ‘नाही’च्या, मधे मतपेटी. सगळ्यांदेखत यायचं, कुठल्या भांड्यात हात घालतोय ते सगळ्यांना दिसणार, आणि चिठ्ठी उचलून पेटीत टाकायची. निकाल: होय १३,०२,०६४, नाही १०,३१२. सिसिलीत होय ४,३२,०५३ आणि नाही ६६७. त्याआधी एप्रिलमध्ये नीसनं फ्रान्समध्ये जायला दिलेली मतं: होय २५,७४३, नाही १६०.

मी हे आकडे राष्ट्रवादाच्या लाटेचा पुरावा म्हणून पाठ करत होते. रूममेट मेसचा डबा उघडता उघडता म्हणाली, “१६०? आमच्या घरातच त्याच्या निम्मे निघाले असते.”

मग तिनं गोव्याचा जनमत कौल सांगितला. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. तिची आजी फुलावर, आजीचा सख्खा भाऊ दोन पानांवर, आणि गणपतीला सगळे जमले की तो वाद अजून होतो. “लोकांना खरंच विचारलं आणि मत गुप्त ठेवलं की आकडे असे फाटलेले येतात गं,” ती म्हणाली. “तुझ्या नेपल्समध्ये विचारलं नाही, कळवलं.”

तिचं म्हणणं मी जसंच्या तसं घेतलं नाही. नेपल्सच्या लोकांना बूर्बां राजा परत नको होता, हेही खरंच आहे. पण तिथून एक गोष्ट उलगडली. या सार्वमतात २१ वर्षांवरचा कुठलाही पुरुष मत देऊ शकत होता. तीनच महिन्यांनी, जानेवारी १८६१ मध्ये, नव्या देशाच्या संसदेची निवडणूक झाली, आणि तिथं मताचा अधिकार होता लोकसंख्येच्या सुमारे २ टक्क्यांना. आत यायला सगळ्यांची सही हवी, आत आल्यावर कारभार मोजक्यांचा. १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य घोषित झालं तेव्हा व्हिक्टर इमॅन्युएल ‘दुसरा’ हा नव्या देशाचा पहिला राजा ‘दुसरा’च राहिला, आणि नव्या संसदेचा क्रमांक लागला आठवा, कारण पिडमाँटच्या सात आधीच होऊन गेल्या होत्या. संविधानही पिडमाँटचंच, १८४८ चं. ‘एकीकरण की पिडमाँटचा विस्तार?’ हा प्रश्न मी तोवर फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांत वाचला होता. आता त्याला माझ्याकडे दोन आकडे होते, ‘दुसरा’ आणि ‘आठवा’.

उरलेले दोन कागद एका संध्याकाळी झाले. १८६६ मध्ये इटली ऑस्ट्रियाकडून कुस्तोझाला जमिनीवर हरली, लिसाला समुद्रात हरली, तरी व्हेनेशिया मिळाला, कारण तिचा मित्र प्रशिया, हे बलाढ्य जर्मन राज्य, जिंकलं. १८७० मध्ये फ्रान्सला प्रशियाशी लढण्यासाठी पोपच्या रक्षणासाठी रोममध्ये ठेवलेलं सैन्य काढून न्यावं लागलं, आणि २० सप्टेंबरला इटलीचं सैन्य रोमच्या पोर्ता पिया या वेशीजवळची भिंत फोडून आत शिरलं. म्हणजे दोन्ही घास प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कच्या ताटातले.

त्यामुळे जर्मनी आपोआपच पुढ्यात आली. तीच पद्धत, तेच कागद. १८३४ चा जर्मन राज्यांचा जकात संघ, मग १८६४, १८६६, १८७० ही तीन युद्धं. तिथं कुणी सार्वमत घेण्याची तसदीही घेतली नाही. १८४९ मध्ये फ्रँकफर्टला भरलेल्या, जर्मनांनी निवडून दिलेल्या सभेनं देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजानं नाकारला होता. जानेवारी १८७१ मध्ये व्हर्सायला इतर राजांनी दिला तो त्याच्या भावानं घेतला. दोन तारखा शेजारी ठेवल्या की उत्तराचा शेवट तयार.

पाचव्या टेस्टला इटली पुन्हा आली. या वेळी साडेपाच. समासात एकच ‘कसे?’ होतं, तेही मी घाईत कार्बोनरी या गुप्त संघटनेवर टाकलेल्या वाक्यापाशी, आणि ते रास्तच होतं. मेन्सला इटलीही आली नाही आणि जर्मनीही, हे सांगून टाकते म्हणजे कुणी विचारायला नको.

खोली सोडायच्या आदल्या रात्री रूममेट माझे कागद चाळत होती. १८७० चा वर काढून म्हणाली, “हा बारकासा ठिपका पांढराच राहिलाय. विसरलीस.”

“विसरले नाही. सान मारिनो आहे ते. १८४९ मध्ये रोमचं प्रजासत्ताक पडल्यावर पळत सुटलेल्या गॅरिबाल्डीला त्यांनी आसरा दिला होता. इटलीनं १८६२ मध्ये त्यांच्याशी मैत्रीचा करार केला. ते वेगळंच राहिलं.”

“अजून?”

“अजून.”

तिनं कागद टेबललॅम्पसमोर धरून तो ठिपका नीट पाहिला, घडी घातली आणि स्वतःच्या बॅगेत टाकला. आजीला दाखवते म्हणाली.