भूक लागेल अशा गावाला

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्या घरातली भूक मरते. सकाळचे पोहे झाकून ठेवलेले दुपारी तसेच सापडतात. दुपारी कलिंगडाच्या फोडी, नाहीतर ताक. रात्री बाई, म्हणजे माझी आई, विचारते, "काय करू?" तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. मग ज्वारीच्या पिठाची आंबील होते, ती पिऊन आम्ही गच्चीवर जातो आणि पाणी मारलेल्या फरशीवर सतरंजी टाकून वाऱ्याची वाट बघत पडतो.

तसं लातूर सहाशे मीटरांच्या वर आहे. बालाघाटच्या पठारावरचं गाव. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणं आम्ही डोंगरावरच राहतो. फक्त उन्हाला ते कुणी सांगितलेलं नाही.

अशाच एका रात्री लाईट गेलेली असताना लेकीनं विषय काढला. तिची दहावी झालीय. लातुरात दहावीनंतरच्या सुट्टीला सुट्टी म्हणत नाहीत, 'बॅच कधीपासून?' म्हणतात, पण तिची बॅच सुरू व्हायला अजून अवकाश होता. "कुठंतरी थंड जाऊ," ती म्हणाली. महाबळेश्वर निघालं आणि गर्दीच्या भीतीनं मावळलं. म्हैसमाळ निघालं; मराठवाड्याचं आपलं हक्काचं थंड ठिकाण, पण ते पावसाळ्यात बघावं. मग कुणीतरी बंगळूर म्हटलं, आणि नऊशे मीटरांहून अधिक उंची, मेमध्ये संध्याकाळी येणारा वळवाचा पाऊस असं सगळं मी मोबाईलच्या उजेडात वाचून दाखवलं. हिनं विचारलं, "अहो, पण तिथं बघायचं काय?"

हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी बँकेत दिवसभर पुरला. संध्याकाळी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी यादी केली. पूर्ण झाल्यावर बघितलं तर सात हॉटेलं आणि एक लालबाग. लालबागही अशासाठी, की एमटीआर हे हॉटेल लालबाग रोडवर आहे.

लेक हसली. मी मात्र त्यावर विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की यादी बरोबरच आहे. लोक थंड हवेच्या ठिकाणी पॉइंट बघायला जातात. मला दरी बघायची नाही. मला सकाळी सात वाजता भूक लागायला पाहिजे. पोटात खड्डा पडलाय, समोर वाफाळतं काहीतरी येतंय आणि ते खाताना कपाळावर घाम नाही, एवढंच मागणं आहे. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये गरम डोसा खाणं ही शिक्षा आहे.

एमटीआर म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, १९२४ सालापासूनचं. रवा इडली आपलीच, असं ते सांगतात. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्यावर प्रयोग करून बघितला आणि तो जमला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. टंचाईतून निघालेला पदार्थ आहे तो, आणि टंचाई काय असते ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही. गांधी बझारातलं विद्यार्थी भवन १९४३ चं. तिथला डोसा जाड, बाहेरून खरपूस, आतून मऊ. आणि वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची चळत रचून आणतो म्हणे. शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ चा. तिथं इडली, वडा, खारा भात म्हणजे उपमा, केसरी भात म्हणजे शिरा असं मोजकंच मिळतं, आणि सांबार मिळतच नाही. चटणीच. सांबार नाही म्हणून ठामपणे साठ वर्षं सांगणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. मल्लेश्वरमच्या सीटीआरचा बेन्ने मसाला डोसा. बेन्ने म्हणजे लोणी, हे बाईनं सांगितलं.

यादी झाली, आणि वार आडवे आले.

यंदा १ मे शुक्रवारी. शनिवार-सोमवार रजा टाकली की चार दिवस. मी खूश. मग लेकीनं एकेक हॉटेल मोबाईलवर बघत पत्रिकेवर बारीक अक्षरात वार लिहिले. विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद. ब्राह्मिन्स रविवारी बंद. एमटीआर सोमवारी बंद. बाईचा शनिवार, मारुतीचा. म्हणजे सगळं जग ज्या चार दिवसांत सुट्टीवर जातं, त्या चार दिवसांवर या तीन हॉटेलांनी आणि माझ्या आईनं मिळून पहारा बसवलेला. शुक्रवार तसाही गाडीतच जाणार, त्यामुळं विद्यार्थी भवन वाचलं. शनिवारी संध्याकाळी पोचणार, तेव्हा बाई शेंगदाण्याचे लाडू खाणार. सोमवार परतीचा. उरला रविवार. रविवारी एमटीआर आणि विद्यार्थी भवन दोन्ही उघडी, आणि दोन्हींपुढं अख्खं बंगळूर उभं. एका दिवसात दोन रांगा. "एक मंगळवार वाढव की," ही म्हणाली. मंगळवारची रजा मागायला साहेबांपुढं जायचं आणि कारण विचारल्यावर 'इडली' म्हणायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

रस्त्याचं मात्र मला आत्तापासूनच सुख आहे. औशावरून तुळजापूर, तिथं थांबायचंच, कारण "आईला न सांगता राज्याभाईर जातेत का कुणी?" असं बाईचं म्हणणं. मग सोलापूर, पुढं भीमा ओलांडली की कर्नाटक, विजापूर, कृष्णा, होस्पेटला मुक्काम. सकाळी चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर. सातशे किलोमीटरच्या वर जातं. पण मी हा रस्ता किलोमीटरमध्ये मोजतच नाही, ताटात मोजतो. विजापूरपर्यंत आपलीच ज्वारी. भाकरीच्या जागी कडक, पापडासारखी जोळद रोट्टी, सोबत भरल्या वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी. परदेशात आल्यासारखं काही वाटायचंच नाही. तुंगभद्रेच्या कालव्यांचं पाणी लागलं की भात सुरू होतो. गंगावतीचा तांदूळ तिकडचाच. आणि पार खाली तुमकुराकडं नाचणी, तिचे उकडलेले गोळे म्हणजे रागी मुद्दे. तीन नद्या आणि तीन धान्यं. तुमकुराजवळ क्यातसंद्रला तट्टे इडली खायची, बशीएवढी. ती मात्र शनिवारी येते. बाई गाडीत बसून राहील आणि आमच्याकडं बघेल. हा मुद्दा अजून मिटलेला नाही.

होस्पेटच्या मुक्कामाचं लेकीला सांगत होतो की तिकडं सकाळी सुसला मिळतो, चुरमुरे भिजवून फोडणी दिलेला, वर डाळ्याचं कूट. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे सुशीला?" हो. सुशीलाच. लातूर-नांदेडात घरोघरी होतो तोच, कानडी मुलुखात तो सुसला आहे. चारशे किलोमीटर जाऊन हॉटेलात बसून आपण सुशीला मागवणार, या कल्पनेनं ती हिरमुसली आणि मी सुखावलो.

बाईचं माहेर देवणीकडचं, बिदरच्या शिवेला लागून. लहानपणी ती अर्धं कानडी बोलायची. लग्न होऊन आली आणि पन्नास वर्षं ती भाषा फडक्यात बांधून ठेवल्यासारखी राहिली. आता प्रवासाचं ठरल्यापासून ती ओट्यापाशी एकटीच पुटपुटते. "ऊटा आयता?" परवा तिनं दूधवाल्याला विचारलं. तो बिचारा "किती देऊ?" म्हणाला. जेवण झालं का, असं विचारत होती ती. मी तिला म्हटलं, बंगळूरची कानडी वेगळी असते, बाई. "असूं दे. भूक लागलीय एवढं कळालं की बास."

गाडी नऊ वर्षांची. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत हात घालून कुठला तरी पाईप दाबला आणि म्हणाला, "सर, एसी चालतो, पण गाडी चालू असंपर्यंतच." सिग्नलला थांबलं की गरम हवा. मी म्हटलं, महामार्गावर सिग्नल कुठं असतात? तो म्हणाला, "बंगळूरात असतेत की." गॅस भरायला दिलीय.

काल लेकीनं एक घोटाळा शोधून काढला. एप्रिल २०१६ मध्ये खुद्द बंगळूरचा पारा ३९.२ वर गेला होता. मी तिला सांगितलं, त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. तिला फक्त घरभर मांडलेल्या घागरी आठवतात आणि त्यांतल्या एकीत चमचा बुडवला म्हणून खाल्लेला धपाटा. पुढं वाचत गेलो तर २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुराच्या बोअर आटल्या, टँकरच्या रांगा लागल्या. आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. मग तिनं फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "तरी संध्याकाळी पाऊस येतो ना?" येतो, म्हटलं.

आज सकाळी पत्रिका फ्रीजवरून काढली, मंगळवारचं काय ते एकदाचं लिहायला. सात हॉटेलं, लालबाग, वारांच्या बारीक खुणा. सगळ्यात खाली, बाईच्या वळणदार अक्षरात दोन ओळी वाढलेल्या होत्या.

दशम्या, ठेचा, धपाटे – दोन दिवसांचे.

पाण्याचे कॅन दोन.

मी म्हटलं, "बाई, बंगळूरला पाणी मिळतं की."

ती ज्वारी चाळत होती. वर न बघता म्हणाली, "त्यांच्याकडं बी कमीच हाय म्हणं. उगं त्यांना कशाला भार?"