जुलैचा लिटर आणि सप्टेंबरचा लिटर

मुंबईतल्या सोसायटीत रेन वॉटर हार्वेस्टिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: टाकी किती लिटरची बसवायची? त्याआधी हे पाणी कोणत्या महिन्यात लागणार आहे, ते ठरवा. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडून जातो आणि ओढाताण होते एप्रिल-मेमध्ये. कॅलिफोर्नियातही उन्हाळा कोरडाच, पण तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. पाऊस सरल्यावर तीन-चार महिन्यांत मागणी शिगेला पोचते. आपल्याकडे हेच अंतर सहा-सात महिन्यांचं आहे.

आकडे मांडून बघा. गच्ची ४०० चौरस मीटर, सान्ताक्रूझचा पावसाळा सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वाया जाणारं सोडून ८० टक्के धरलं, तर ७.३६ लाख लिटर हाती येतात. तीस फ्लॅट, १२० माणसं, फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे रोजचे ५,४०० लिटर. पावसाळ्याच्या १२० दिवसांचे होतात ६.४८ लाख. थोडक्यात, गच्चीवरचं पाणी पावसाळ्यातल्या फ्लशलाच जेमतेम पुरतं. १०,००० लिटरची टाकी ३१ मिलिमीटर पावसात भरते आणि दोन दिवसांत रिकामी होते. ती रोज वापरात हवी. मेपर्यंत राखून ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

आता शहराकडे बघू. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आणि रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. साठा जेमतेम वर्षाचा. तलाव ओसंडून वाहत असताना आपण वाचवलेलं पाणी सांडव्यावरून निघून जातं. वाचतो तो शुद्धीकरणाचा खर्च. जूनमध्ये तलाव तळाला असताना वाचवलेला लिटर तलाव भरेपर्यंत कामी येतो. सप्टेंबरअखेर सांडवे थांबल्यावर वाचवलेला लिटर मात्र खरोखर पुढे शिल्लक राहतो. शहरातल्या पावसावरून याचा अंदाज बांधू नका. २०२३ मध्ये १ जुलैपासून १० टक्के पाणीकपात लागली, तेव्हा मुंबईत पाऊस कोसळत होता. मोठे तलाव भरतात ते शहापूर, मोखाड्याकडच्या पावसावर.

म्हणून सप्टेंबरचा पाऊस विहिरीत किंवा बोअरमध्ये जिरवण्यावर माझा भर आहे. ऑगस्टमध्ये अनेक ठिकाणी भूजल इतकं वर आलेलं असतं की शोषखड्डा पाणी घेतच नाही. पण नेमकं सप्टेंबरात विहिरीआधीचा वाळूचा फिल्टर दगा देतो. तीन महिन्यांचा गाळ आणि शेवाळ वाळूवर साचून वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि पाणी ओव्हरफ्लोने गटारात जातं. त्यामुळे ऑगस्टअखेर वरची चार-पाच सेंटिमीटर वाळू खरवडून काढा, धुऊन परत भरा, खालची खडी हलवू नका. गाळाचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर खडकाच्या भेगा बुजतात. त्या पुन्हा मोकळ्या होणं कठीण. जूनच्या पहिल्या सरीचे दोन मिलिमीटर, म्हणजे या गच्चीचे ८०० लिटर, सोडूनच द्या. त्यात कबुतरांची घाण असते. विहिरीला आणि टाकीला डासांची जाळी लावा, आणि या पाण्याची लाइन पालिकेच्या लाइनला कुठेही जोडू नका.

जिरवलेलं पाणी मेपर्यंत टिकेल का, हे जागेवर अवलंबून. नोव्हेंबरात पंप तीन दिवस बंद ठेवा आणि वजन बांधलेल्या टेपने रोज सकाळ-संध्याकाळ पातळी मोजा. समुद्राजवळ भरती-ओहोटीने ती थोडी वर-खाली होते, म्हणून एका मापावर जाऊ नका. पंप बंद असूनही पातळी सतत उतरत असेल, तर पाणी राहणार नाही. ते हिवाळ्यातच फ्लशला वापरून टाका. स्थिर राहिली, तर मार्चपर्यंत हात लावू नका. मग उपसा सुरू झाल्यावर दर आठवड्याला टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) पाणी तपासा. आकडा चढू लागला की खारं पाणी आत येतंय असं समजा आणि उपसा लगेच निम्म्यावर आणा.