बारा बाटल्यांची घडवंची

नाशकात राहणाऱ्याच्या घरी वाइनच्या बाटल्या साठतातच. पाहुण्यांना गंगापूर धरणाकडच्या वायनरीत फिरवून आणलं की एखादी सोबत येते. माझ्या बाटल्या फ्रिजवर उभ्या असायच्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सगळ्यात गरम जागी. बुचाची बाटली आडवी ठेवायची, वाइन बुचाला भिडलेली राहिली की बूच सुकत नाही, हे ठाऊक होतं. शेवटी मे महिन्यात त्यांच्यासाठी लाकडी घडवंची करायचं मनावर घेतलं.

वखारीतून पाइनच्या १२ सेंटिमीटर रुंद फळ्या आणल्या. सागवानाचा भाव ऐकून तो विषय तिथेच सोडला. शेजारच्या सुतारकाकांनी युक्ती सांगितली, "ताई, अर्धगोल कापत बसू नका. फळीच्या मधल्या रेघेवर पूर्ण गोल भोकं पाडा, मग रेघेवरूनच फळी उभी चिरा." एका फळीतून खाचांच्या दोन पट्ट्या! बुडाकडच्या पट्टीला ८ सेंटिमीटरची भोकं, मानेकडच्या पट्टीला साडेतीनची. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एका पातळीत बसवल्या की बाटली आपोआप आडवी राहते. चार बाटल्यांचा एक मजला, असे तीन मजले.

माप मात्र मी एकाच बाटलीचं घेतलं होतं, रेड वाइनच्या साडेसात सेंटिमीटरच्या. फेविकॉल वाळला, स्क्रू बसले, आणि स्पार्कलिंगची, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची, बाटली खाचेत उतरेचना. आतल्या दाबामुळे तिची काच जाड असते आणि पोटाचा व्यास मोठा, जवळजवळ ९ सेंटिमीटर. ती खाचेच्या कडांवर टेकून मान खाली घालून बसली. सगळं सोडवायचं माझ्या जिवावर आलं. मग वरच्या मजल्याच्या दोन खाचा अर्धगोल कानशीने रुंद केल्या आणि त्याच बाटलीला पॉलिश पेपर गुंडाळून घासत राहिले. अख्खी संध्याकाळ गेली, पण खाच बाटलीच्या मापाची झाली. (बाटली आधी रिकामी केली होती. भरलेली घासायची हिंमत नव्हती.)

जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. बारा भरलेल्या बाटल्या म्हणजे पंधरा किलोच्या वर वजन, म्हणून मागून एक तिरकी पट्टी ठोकली. त्याआधी सांगाडा डुलत होता.

आता ती घडवंची जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. परवा बाटल्या लावताना लक्षात आलं, बारापैकी सात फिरकीच्या झाकणाच्या आहेत. त्या उभ्याही चालल्या असत्या.