आजचा दिवस बेअरिंगचा

आज दिवसभर लढाऊ विमानाच्या इंजिनात जाणाऱ्या बेअरिंगचा एक लॉट तपासला. मापं सकाळीच उरकली, सगळी मायक्रॉनच्या हद्दीत. खरा वेळ गेला तो कागदांत आणि एचिंगमध्ये, म्हणजे आम्ल लावून पृष्ठभाग तपासण्यात.

पोलाद एम५०. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम प्रत्येकी साधारण ४ टक्के, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासही कडकपणा टिकवणारं. मेन शाफ्टच्या बेअरिंगसाठी ते व्हॅक्यूममध्ये दोनदा वितळवलेलं लागतं, कारण आत राहिलेला ऑक्साइडचा बारीक कणही भेगेला पुरतो. म्हणून बेअरिंगच्या प्रत्येक रिंगचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा क्रमांक, मूळ वितळणीपर्यंत जुळावा लागतो. आज एका हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे भट्टीत तापवून कडक करण्याच्या, चार्टवर भट्टीचा नंबरच वाचता येईना. लॉट थांबवला. पुरवठादार म्हणाला, "मॅडम, माल चांगलाच आहे हो." असेलही. पण माझी सही अंदाजावर होत नाही.

दुपारी नायटल एच. ग्राइंडिंगमध्ये जळालेली जागा नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या पातळ द्रावणात रिंग बुडवली की मऊ पडलेला भाग काळपट उमटतो, पुन्हा कडक झालेला पांढरट. आमच्या नव्या इन्स्पेक्टरने असा पुसटसा काळा पट्टा आज स्वतःहून पकडला. फार आनंद झाला मला! रिंगला लाल टॅग लागला.

उद्या त्याच मशीनवर घासलेल्या बाकीच्या सगळ्या रिंगा पुन्हा एच करायच्या आहेत.