चौथ्या खेपेची वाळू

मुंबईत राहणाऱ्या माणसाने फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणारी गाडी घ्यावी हा मुळातच थट्टेचा विषय आहे, कारण वर्षातले बहुतेक दिवस ती गाडी पश्चिम द्रुतगती मार्गावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते. तरीही मी, माझा मेहुणा आणि ठाण्याचे दोघे मित्र असे चौघे दोन गाड्या घेऊन आतापर्यंत पाच वेळा जैसलमेरला जाऊन आलो आहोत. लिहायचे आहे ते चौथ्या खेपेविषयी. पहिल्या तीन खेपांत आम्हाला साधे खरचटलेही नव्हते, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ मला त्यातच दिसते.

पहिल्या खेपेस जैसलमेरजवळच्या सम गावाच्या पुढे वाळूत गाडी उतरवली तेव्हा मी अक्षरशः घाबरलेलो होतो. प्रत्येक टेकडीच्या अलीकडे गाडी थांबवायची, कोणीतरी उतरून पायी माथ्यावर जायचे, पलीकडे काय आहे ते पाहून हात हलवायचा आणि मगच गाडी वर न्यायची, असा आमचा क्रम होता. त्याला सबळ कारण आहे. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू साधारणपणे १० ते १५ अंशांची, घट्ट आणि सोशिक असते. पण माथा ओलांडला की पलीकडची वाळू कोरडी वाळू जितकी उभी राहू शकते तितकी, म्हणजे ३२ ते ३४ अंशांच्या उतारावर, सैल पडलेली असते. अलीकडून चढताना चालकाला समोर फक्त बॉनेट आणि आकाश दिसते. पलीकडे तसाच सौम्य उतार आहे, की दोन मजली घसरण आहे, की दुसरी गाडी अडकून पडली आहे, हे जागेवर बसून कळायला काहीही मार्ग नसतो.

चौथ्या खेपेपर्यंत हे सारे पाठ झाले होते, आणि पाठ झालेल्या गोष्टी माणूस करत नाही, नुसत्या म्हणतो. सकाळी टायरमधली हवा कमी करताना मी २४ पीएसआयवर (हवेचा दाब मोजायचे एकक) थांबलो. डांबरी रस्त्यावर माझ्या गाडीला ३३ लागते आणि अशा वाळूत मी ती १६ ते १८ वर आणतो. त्यामुळे टायर लांबट पसरतो, गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक रुतण्याऐवजी तरंगल्यासारखे चालते. फार खाली नेली तर वळताना टायर रिममधून निसटतो, म्हणून त्यालाही मर्यादा आहे. ही युक्ती नवी नव्हे. राल्फ बॅग्नोल्ड हे ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियन वाळवंटात शिरत असत, तेव्हा तेही हेच करत. मी २४ वर का थांबलो, याचे उत्तर सांगायला लाज वाटते: परतताना चारही टायर छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरायला अर्धा तास जातो आणि मला दुपारचे जेवण वेळेवर हवे होते.

कमी न केलेल्या हवेची किंमत वेगाने चुकवावी लागते, हे मला तेव्हा उमगले नाही. टायर रुतू लागले की चालक आपोआप अधिक जोराने चढाई करतो. माथ्यावर पोहोचताना जी गाडी जवळपास थांबलेली असायला हवी, ती धावत पोहोचते. दुपारचा एक वाजला होता. आदल्या दिवशी सकाळी आठला आम्ही तीच टेकडी ओलांडली होती, निदान माझी तशी खात्री होती. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक धारेला सावली असते आणि उंचसखलपणा रेखाटल्यासारखा दिसतो. दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात आणि सगळी वाळू एकाच रंगाचा सपाट पडदा होऊन बसते. मी उतरून पाहिले नाही. मेहुण्याने विचारले, "दाजी, बघून येऊ का?" मी म्हणालो, "कालचीच आहे रे." आम्ही कालच्या जागेपासून बरेच डावीकडे होतो.

माथ्यावरून गाडीचे नाक खाली गेले तेव्हा मी ब्रेक दाबला. अशा उतारावर ब्रेक दाबू नये, चाके सरळ खालच्या दिशेला ठेवून हलका अॅक्सिलरेटर द्यावा, हे मी स्वतः इतरांना शिकवलेले आहे. पुढची चाके रुतली, बंपर वाळूत घुसला आणि मागे ठेवलेला पाच-सहा किलोंचा कॉम्प्रेसर दोन सीटच्या मधून येऊन डॅशबोर्डवर आदळला. डॅशबोर्डला बोटभर खोल चीर पडली. तो बांधायचा पट्टा चहानंतर बांधू म्हणून दाराच्या कप्प्यात ठेवला होता. मेहुण्याने व्हिडिओ घेण्यासाठी सीटबेल्ट सोडला होता. त्याचे कपाळ पुढच्या काचेलगतच्या खांबावर आपटले आणि डाव्या भुवईवर तीन टाके पडले. गाडी सरळ गेली म्हणून उलटली नाही. जराशी तिरपी असती तर पुढचे लिहायला मी उरलो असतो की नाही, सांगता येत नाही.

दुसरी गाडी वळसा घालून खालच्या बाजूला आली. मित्राने दोर काढला आणि तो त्याच्या गाडीच्या टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, अडकवू लागला. तेवढ्यात जवळच्या ढाणीवरचे, म्हणजे छोट्या वस्तीवरचे, एक वृद्ध गृहस्थ उंट सोडून आमच्याकडे आले. त्यांनी आधी माझ्या टायरला पायाने दाबून पाहिले आणि नुसते "हवा?" एवढेच विचारले. मग दोराकडे बोट दाखवून म्हणाले, "यहाँ से मत खींचो साहब, टूटा तो गोली है." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. नायलॉनचा ताणणारा दोर स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतो, आणि टो बॉल त्या झटक्याने तुटला तर लोखंडाचा गोळा काच फोडून आत येतो. जगभर यात माणसे दगावली आहेत. त्यांनी दोर चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या, हुकाला लावायला लावला, मधोमध ओली गोधडी टाकली आणि सगळ्यांना दोराच्या लांबीहून बरेच दूर उभे केले. टायर १६ वर आणून, बंपरपुढची वाळू हाताने उपसून आम्ही पाऊण तासात सुटलो.

संध्याकाळचा भाग मात्र मला अपघाताहून अधिक बोचतो. त्या भागात मोबाइलचे जाळे कुठेही तुटते, आणि सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगताही येत नाही. म्हणून पहिल्या तिन्ही खेपांत वाळूत उतरण्यापूर्वी विलेपार्ल्याला घरी निरोप जायचा: कुठल्या गावाकडून आत जातो आहोत, आणि सातपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे. चौथ्या खेपेस तो निरोप पाठवायचा राहून गेला. रात्री साडेनऊला दवाखान्यातून फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही हॉटेलवर झोपला असाल असे मला वाटले." म्हणजे त्या दिवशी गाडी उलटली असती, तर मुंबईत कोणाला पत्ताही लागला नसता. त्याच जिल्ह्यालगतच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदवले गेले होते. आम्ही मार्चच्या सुरुवातीला होतो, एवढीच काय ती कृपा.

लोकलच्या दारात लटकणारा प्रवासी पहिल्यांदा मुंबईत आलेला नसतो. नवखा आत घुसून खांब घट्ट धरतो. दारात असतो तो वीस वर्षांपासूनचा पासधारक, ज्याला प्रत्येक सिग्नलचा खांब कुठे येतो ते ठाऊक असते. मी स्वतः तसा उभा राहत असे आणि त्यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नाही. पट्टीचा पोहणारा बुडतो ही म्हण आपण इतकी वापरतो की ती कानावरून निघून जाते.

यंदा जानेवारीत आम्ही पाचव्यांदा गेलो. टायरची हवा आता मेहुणा तपासतो, गेज मला हातात देत नाही. त्याच्या भुवईत एक आडवी रेघ राहिली आहे, तिथे केस उगवत नाहीत. कॉम्प्रेसर मी पट्ट्याने बांधला की तो मागे जाऊन तो पट्टा सोडतो आणि पुन्हा बांधतो, आणि मी त्याला काही म्हणत नाही.