तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलला कुठे घालू?

शाळेच्या गेटवर, लिफ्टमध्ये, परवा तर कोथिंबिरीची जुडी हातात असताना. "तुमची लेक फुटबॉलला जाते ना? आमच्या सात वर्षांच्याला घालायचंय. कुठला क्लास चांगला?"

नाव मी सांगत नाही, कारण पहिल्या खेपेला आम्ही नावालाच भुललो होतो. कर्वेनगरहून बालेवाडीच्या बाजूला, आठवड्यातून तीनदा, वर्षाची फी आगाऊ. जर्सी झकास. मैदानावर 22 पोरं, एक सर आणि शंकूंसमोर रांग. एका संध्याकाळी कठड्यावर बसून मोजलं. तासाभरात लेकीचा पाय चेंडूला 19 वेळा लागला. रेशनची रांग परवडली, शेवटी पिशवीत काहीतरी पडतं.

म्हणून आधी पोराला न घेता जा आणि मोजा. लहान वयात चार-चार, पाच-पाच जणांच्या छोट्या मॅच हव्यात, चेंडू भरपूर हवेत. चेंडूचा नंबरही बघा. आठच्या आतल्यांना 3 नंबर, मग बारापर्यंत 4, त्यापुढे मोठ्यांचा 5. आमच्या त्या क्लासात सरसकट 5 होता. सहा वर्षांचं पोर लाथ मारायचं आणि स्वतःच मागे आपटायचं.

सरांच्या कोचिंग लायसन्सचंही विचारा. एआयएफएफचं, म्हणजे देशाच्या फुटबॉल महासंघाचं, डी हे सुरुवातीचं, पुढे सी, बी, ए. पण ते फ्लेक्सवरच्या फोटोतल्या सरांचं, की रोज शिट्टी घेऊन उभ्या असणाऱ्या दादाचं? लाजू नका, आंब्याच्या पेटीमागे आपण याहून जास्त प्रश्न विचारतो.

"मोठ्या क्लबशी जोडलेले आहेत," असं कोणी म्हणालं, तर एवढंच आठवा: एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, उतरली आणि 2019 मध्ये गुंडाळली. तुमचं पोर सातव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत खेळलं, तर तेवढ्यात एक अख्खी टीम येऊन जाते.

सध्या आम्ही घरापासून पंधरा मिनिटं चालत जातो. साधं टर्फ आहे, प्लास्टिकच्या गवताचं. सात वाजले की बॉक्स क्रिकेटवाले बॅटा घेऊन जाळीबाहेर घुटमळायला लागतात. बुटांतून रबराचे काळे दाणे घरभर होतात, ते तर अंथरुणातही सापडलेत. पण पावसाळ्यात खाडे होत नाहीत, आणि सर ओरडत नाहीत. ओरडायचे ते आपले बाबा लोक. त्यांना सरांनी दुसऱ्या टोकाला, पार्किंगपाशी बसवलंय.

कुठे बसून बघू देत नसतील, तर फीचा आकडा न विचारताच परत फिरा.

मी बुधवारी साडेपाचला तिथे असते. या. फक्त पोराला आणू नका. इतरांचे स्टडवाले बूट बघितले की ते जागेवरच हो म्हणेल, आणि तुमचं मोजायचं राहून जाईल.