आधी डोकं की आधी पाय

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज वृद्धाश्रमात आत्याला भेटून आले. तिथून आलं की हल्ली लवकर झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

खोलीत गेले तर आत्या जागीच होती, ओठ पार सुकलेले. म्हटलं अगं पाणी हवं होतं तर बेल का नाही वाजवलीस? काही बोलली नाही, नुसते डोळे वर उजवीकडे फिरवले. बघते तर बेलची वायर पलंगाच्या डोक्याकडच्या दांडीला वेढे मारून गाठ घालून ठेवलेली, तीही उजव्या बाजूला, आणि अर्धांगाचा अटॅक आल्यापासून आत्याचा उजवा हात हलत नाही हे तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. विचारलं तर तिथली आया म्हणे, आजी सारखी सारखी वाजवतात. गाठ इतकी घट्ट की मला नखांनी सोडवावी लागली.

आता तक्रार करायची तर कशाची करणार, कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, चादर स्वच्छ, कपडे स्वच्छ. पण जिला कुशीवरसुद्धा वळता येत नाही आणि जिचा आवाज दारापर्यंत पोचत नाही तिने हाक मारायची कशी?

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मागे वाचले होते, की घरी-दारी राहणाऱ्या साठीपुढच्या दर 6 माणसांमागे एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागतो, आणि संस्थांमध्ये तर दर 3 कर्मचाऱ्यांपैकी 2 जण स्वतःच सांगतात की वर्षभरात आपल्या हातून असं काही घडलंय. तेव्हा मला हे खरंच वाटलं नव्हतं. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते ना, पण अपमान करणं, दुर्लक्ष करणं हेही त्यातच मोजतात. आज ती गाठ सोडवताना तो आकडा मला पटला.

आणि गाठ मारणारीवर मला नुसतं चिडताही येत नाही. रात्री अख्ख्या मजल्याला दोन बायका, पडून पडून अंगाला जखमा म्हणजे बेडसोर होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कुशी बदलायच्या, डायपर बदलायचे, त्यात एकीला ताप आला की दुसरी एकटीच. माणसं कमी ठेवायची आणि मग बेल बांधायची वेळ येते, हे वरच्यांना कळत नाही असं थोडंच आहे.

पण तिथेच सकाळच्या पाळीला एक मावशी आहेत. मी एकदा अंघोळीच्या वेळी पोचले होते, त्यांनी आधी दार लावलं, आत्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि विचारलं, "आज आधी डोकं की आधी पाय?" आणि थांबल्या. आत्याला शब्द जुळवायला वेळ लागतो, कधी कधी मिनिटभर सुद्धा, तेवढा वेळ त्या हातात भरलेला मग धरून तशाच उभ्या. "पाय," आत्या म्हणाली. मग पाय.

मी तरी कुठे एवढी थांबते. डॉक्टर आत्याकडे बघून विचारतात झोप लागते का, आणि उत्तर मी देते. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे कठडे कायम वर ठेवायला परवानगी हवी म्हणून फॉर्म आला तेव्हा मी सही करून मोकळी, आत्या समोर होती, तिला विचारलंच नाही. नंतर कळलं की ज्याला ते कठडे स्वतः खाली करता येत नाहीत त्याला एक प्रकारे बांधून ठेवल्यासारखंच असतं ते, आणि कुणी त्यावरून चढून उतरायला गेलंच तर आणखी उंचावरून पडतं. त्या फॉर्मवर सही माझी आहे, हे मला सारखं आठवतं.

संयुक्त राष्ट्रांनी 1991 साली वृद्धांसाठी 18 तत्त्वं मान्य केली, त्यातलं चौदावं अगदी आत्याच्या खोलीचंच आहे. संस्थेत राहणाऱ्या माणसाचेही सगळे हक्क शाबूत असले पाहिजेत, त्याची प्रतिष्ठा, श्रद्धा, गरजा, खाजगीपण जपलं पाहिजे आणि आपली काळजी कशी घेतली जावी हे ठरवायचा अधिकार त्याचा, असं त्यात आहे. नातेवाइकांचा नाही, त्याचा.

म्हणून आज निघायच्या आधी वही काढली आणि म्हटलं आत्या, तुला काय हवंय ते तू सांग, मी लिहून घेते, आणि हा कागद फाइलमध्ये लावायला लावते. पाऊण तास लागला. बेल डाव्या हाताला. दार लावल्याशिवाय कपडे काढायचे नाहीत. कठडा एकच वर, भिंतीकडचा नको, दाराकडचा. दिवा आठला बंद नको, दहाला. आणि सगळ्यात शेवटी, "आजी नाही. बाई." एकतीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने.

वाचून दाखवलं तर तिने डाव्या हाताने कागद ओढून घेतला, बराच वेळ बघत राहिली, मग पेन मागितलं. मी घाईत "दीवा" लिहिलं होतं. तिने थरथरत्या हाताने ते खोडलं आणि म्हणाली, पहिली वेलांटी.

कागद बेलच्या शेजारीच चिकटवून आलेय. फाइलसाठी मोबाइलवर फोटो काढलाय, उद्या त्याची प्रिंट द्यायची आणि कठड्यांचा फॉर्म परत मागायचा.